60 ट्रे आणि बांबूचा मांडव

प्रश्न: आमची 20 गुंठे जमीन रस्त्याला लागून आहे. नोकरी सोडून तिथे ग्रीनहाउस उभारायचं आणि भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी टाकायची, असा विचार आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे. वडील मात्र म्हणतात, आधी दोन वाफ्यांवर करून दाखव. ज्यांनी घरच्या माणसांवर हा धंदा उभा केला, त्यांची सुरुवात कशी झाली?

उत्तर:

तुमच्या वडिलांचं वाक्य वाचलं आणि मला आमचे दादा आठवले. दादा म्हणजे माझे सासरे. आमची रोपवाटिका जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पट्ट्यात आहे. आज प्लॅस्टिकने झाकलेलं 10 गुंठ्यांचं पॉलीहाउस आहे, सावलीच्या जाळीचं 15 गुंठ्यांचं शेडनेट आहे. सुरुवात झाली ती 2009 साली, विहिरीशेजारी उभ्या केलेल्या बांबूच्या मांडवात, 60 ट्रेंवर. तेही दुसऱ्यांनी वापरून टाकलेले, कडा फाटलेले ट्रे होते.

आमच्या भागात टोमॅटो घरटी होतो. कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं तसा ऊस वाढला, द्राक्षं आली, आणि नारायणगावचा बाजार जवळ असल्याने टोमॅटो तर प्रत्येकाच्या रानात. मी लग्न होऊन आले तेव्हा रोप जो तो घरीच करायचा. वीतभर उंच गादीवाफा करायचा, बोटाने रेघा ओढून बी टाकायचं, वर चाळलेलं शेणखत भुरभुरायचं आणि पाचटाने झाकायचं. पाऊस वेळेत आणि बेताने पडला तर सगळं छान व्हायचं. 2008 च्या जूनमध्ये आमच्याकडे सलग चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी दादा वाफ्यावर उकिडवे बसले होते. रोपं वरून हिरवीगार दिसत होती, पण मातीलगत प्रत्येकाचा देठ काळा पडून दोऱ्यासारखा बारीक झालेला. दादांनी एक उचललं तर ते हातात आलं, मुळं मातीतच राहिली. मर रोग. हायब्रीड बियाण्याची दोन पाकिटं गेली. पुन्हा बी टाकलं, लागण, म्हणजे रानातली लावणी, तीन आठवडे पुढे गेली, आणि आमचा माल बाजारात पोचला तेव्हा भाव उतरून गेला होता. त्या हंगामाच्या पट्ट्या, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या चिठ्ठ्या, अजून घरात आहेत, मजुरीसुद्धा निघाली नव्हती.

माझं माहेर संगमनेरकडचं. तिकडे तोवर ट्रेमधली रोपं रुळली होती. माझा भाऊ एका नर्सरीत कामाला जायचा, त्याने तिथले बाद केलेले 60 ट्रे धुऊन, गोणीत भरून एसटीवर टाकून पाठवले. 98 कपांचा एक ट्रे. 60 ट्रे म्हणजे 5,880 रोपं, साधारण एका एकराची लागण. मी ते अंगणात मांडले तेव्हा दादा म्हणाले, "कपात रान पिकतं होय?" ते रागाने बोलले नव्हते. आयुष्यभर मातीत हात घातलेला माणूस, कपात माती मूठभरसुद्धा बसत नाही हे त्यांना दिसत होतं. मग म्हणाले, "एका एकराचं कर. बाकीचं मी वाफ्यावर करतो. दोन्ही शेजारी शेजारी बघू."

तुमचे वडील हेच म्हणतायत.

मांडव बांबूचा, वर हिरवी 50 टक्के सावलीची जाळी, आणि उन्हाच्या झळा अडवायला चारी बाजूंनी आत्यांची जुनी लुगडी. आत्या म्हणजे सासूबाई. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, 5 किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून टोपलीच्या टोपल्या भरतात, हे पाहून आत्या आणि जाऊबाई दोघी थक्क झाल्या होत्या. मग प्रश्न आला प्रत्येक कपात सारख्या खोलीचा खड्डा पाडायचा. बोटाने पाडला की एक खोल, एक उथळ. खोल पडलेलं बी उशिरा येतं आणि ट्रे वरखाली होतो. दादांनी गावातल्या सुतारमामांकडून एक फळी करून आणली. ट्रेमध्ये 14 गुणिले 7 असे कप असतात, तशाच 98 खुंट्या फळीवर, प्रत्येक खुंटी अर्धा सेंटीमीटर. भरलेल्या ट्रेवर फळी ठेवायची, एकदा दाबायची, झालं. कपात रान पिकतं का विचारणाऱ्या माणसाने ती फळी आणली, तेव्हाच माझी भीती निम्मी गेली.

बी टाकलं की वर कोकोपीटचा पातळ थर, झारीने पाणी, आणि दहा-दहा ट्रे एकावर एक रचून वर काळा कागद गुंडाळायचा. कागद म्हणजे प्लॅस्टिकच, आमच्याकडे सगळे कागदच म्हणतात. आत ऊब आणि ओल कोंडून राहते, त्यावर बी फुगतं. टोमॅटोला तीन ते चार दिवस लागतात, मिरचीला सहा-सात. कागद केव्हा काढायचा हे त्या पहिल्या वेळी कोणालाच कळत नव्हतं. आत्या रोज पहाटे उठून कागदाखाली हात घालायच्या, जसा आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. चौथ्या पहाटे त्यांनी मला हाक मारली. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर काळसर भुशातून पांढऱ्या, वाकलेल्या माना नुकत्या वर आल्या होत्या, काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल तसंच. आम्ही दोघींनी दिवस उजाडायच्या आत साठही ट्रे मांडवात पसरले.

लागणीच्या दिवशी फरक दिसला. वाफ्यावरचं रोप उपटताना मुळं तुटतात, ते आठ दिवस मान टाकून असतं. ट्रेचं रोप कपातून मुळांच्या जाळीसकट सबंध निघतं आणि तिसऱ्या दिवशी ताठ उभं राहतं. एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही लावलेली, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसायचं. पुढच्या हंगामात सहा घरांनी आपलं बियाणं आणून दिलं, "आमचंही करून द्या" म्हणून. तेव्हा रोपामागे 30 पैसे घेतले. तो आमचा धंदा. कर्ज नाही, पाटी नाही, नावही नाही. लोक "विहिरीवरचं रोप" म्हणायचे.

आता ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगते. ग्रीनहाउस उभं करणारा तुम्हाला पाइपची जाडी सांगेल, गॅल्वनाइझिंग सांगेल, 200 मायक्रॉनच्या कागदाची हमी सांगेल. घरात दर पहाटे कोण असणार, हे तो विचारणार नाही.

2012 च्या मे महिन्यात नात्यातलं लग्न होतं. सगळं घर गेलं. 180 ट्रे कागदाखाली होते, आमच्या हिशेबाने ते दुसऱ्या दिवशी उघडायचे. पण मे महिना, ऊब जास्त, बी एक दिवस आधी आलं. आम्ही संध्याकाळी चारला परतलो आणि कागद काढला. माना दोन-दोन इंच लांब, पांढऱ्याफटक, एकमेकींत गुंतलेल्या. उजेड न मिळालेलं रोप उजेडाच्या शोधात नुसतं ताणत जातं, मग ते कधीच सरळ उभं राहत नाही. तीन शेतकऱ्यांचं बियाणं होतं ते. दादांनी कपडेही बदलले नाहीत, त्याच लग्नाच्या टोपीत तिघांच्या घरी गेले, जे झालं ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पाकिटं आमच्या पैशाने आणून पेरली. पैसे फार नव्हते. त्या तिघांचे आठ दिवस गेले, ते मात्र कोणालाच भरून देता आले नाहीत. शेतकरी रोप न्यायला येतो तेव्हा त्याच्या रानात शेणखत पडलेलं असतं, मल्चिंग अंथरलेलं असतं, ठिबक जोडलेलं असतं, मजूर बायकांना सांगून ठेवलेलं असतं. आपण त्याला चुकीची तारीख दिली तर हे सगळं उन्हात थांबतं.

तेव्हापासून घरात ठरलं की कोणत्याही कार्याला एक माणूस मागे राहणार. माझ्या चुलतभावाच्या लग्नाला मी गेले नाही, जाऊबाई आपल्या बहिणीच्या डोहाळजेवणाला गेली नाही. याचा राग कोणी धरला नाही, पण आपण काय सोडतोय हे दोघींनाही माहीत होतं. तुमच्या घरात अशी किती माणसं आहेत, आणि त्यांना हे मान्य आहे का, हे कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विचारा.

बांबूच्या मांडवानंतर आम्ही बंद पडलेल्या एका पोल्ट्रीचे जुने अँगल विकत घेऊन 5 गुंठ्यांचं शेडनेट केलं. पांढरी बारीक जाळी चारी बाजूंनी लावली, कारण पांढरी माशी आणि फुलकिडे रोपावरच बसले तर विषाणू नर्सरीतूनच रानात जातो आणि शेतकऱ्याला महिन्याभराने कळतं. दोन दारं केली, एक उघडलं की दुसरं बंद. पण शेडनेटमधून पाऊस सरळ आत येतो. 2013 च्या पावसाळ्यात पुन्हा तीच मर, तेच कोलमडणं. म्हणून पुढच्या वर्षी पॉलीहाउस केलं, तेही आधी गिऱ्हाईक होतं म्हणून. अनुदान होतं, निम्म्या खर्चाचं. पण हे नीट ध्यानात घ्या: अनुदान काम पूर्ण होऊन, मोका तपासणी झाल्यावर हातात येतं. तोवर सगळा पैसा तुम्ही उभा करायचा आणि व्याजही तुम्हीच भरायचं. आमच्या भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, त्या वर्षी आपला ट्रॅक्टर विकला. अनुदान येईपर्यंतचे हप्ते त्यातून गेले. 2020 पासून राज्यात अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने खास भाजीपाला रोपवाटिकांसाठी योजना आली, त्यातही 50 टक्के अनुदान ठेवलं होतं. तुमच्या तालुका कृषी कार्यालयात आता काय चालू आहे ते जाऊन विचारा, फक्त अनुदानाच्या भरवशावर कामाला सुरुवात करू नका.

कोकोपीटचाही एक धडा आहे. 2015 साली एका नव्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात माल घेतला. आठव्या दिवशी मिरचीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आम्ही बुरशी समजून औषधं मारत बसलो. ओळखीच्या एका कृषी पदवीधर मुलाने ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र, आणून भिजवलेला भुसा पिळला आणि पाणी तपासलं, तर क्षार भरमसाट. नारळाच्या भुशात मुळातच मीठ असतं, ते धुऊन काढावं लागतं, आणि तो माल धुतलेलाच नव्हता. आता प्रत्येक गाडीतल्या दोन-तीन विटा भिजवून, पिळून आम्ही मीटर लावतो. एकच्या खाली असेल तरच उतरवून घेतो. मीटर काही हजारांत मिळतो. पॉलीहाउसच्या आधी तो घ्या.

आणि पाणी. उन्हाळ्यात त्या एवढ्याशा कपाला दिवसातून दोन-तीनदा पाणी लागतं. दुपारची एक पाळी चुकली तर संध्याकाळी रोप परत उठेल असं धरून चालू नका. तुमच्या विहिरीला किंवा बोअरला मे महिन्यात किती पाणी असतं ते वडिलांना बरोबर माहीत असेल. आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, बिबट्या. चहूकडे ऊस आहे, त्यामुळे पहाटेच्या पाण्याला एकट्याने जायचं नाही, हातात बॅटरी आणि काठी, आणि कामाच्या बायकांना दिवस मावळायच्या आत घरी सोडायचं. धंद्याच्या हिशेबात हे कोणी मांडत नाही, पण आमचे कामाचे तास त्यावरच ठरतात.

सगळ्यात अवघड वर्ष 2020 चं. त्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात टोमॅटो एकसारखा लाल होईना, फळावर पिवळे-हिरवे चट्टे पडायचे. लोकांनी त्याला "तिरंगा" नाव दिलं. वर लॉकडाउन. चिडलेला माणूस आधी बियाण्याकडे बोट दाखवतो, मग नर्सरीकडे. एक दिवस शेजारच्या गावचे एक काका दारात आले, वयाने दादांएवढे. त्यांचा दोन एकर गेला होता. अंगणातून ओरडत होते, "तुमच्या रोपानं माझं घर बुडवलं." दादा आजारी होते, तरी बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली आणि जाऊबाईला म्हणाले, वही आण.

ही वही जाऊबाईने पहिल्या वर्षापासून ठेवलीये. कोणाचं बियाणं, पाकिटावरचा लॉट नंबर, पेरल्याची तारीख, कागद काढल्याची तारीख, कोणती फवारणी, किती रोपं, कोणी नेली. आणि आम्ही प्रत्येक लॉटमधली 20 रोपं आपल्या रानात बांधाच्या कडेला लावतो, खुंटीवर तारीख लिहून. दादा काकांना घेऊन त्या बांधावर गेले. त्यांच्याच लॉटची आमची 20 झाडं होती. त्यातल्या सात झाडांवर तोच प्रकार होता, तेरा चांगली. दादा म्हणाले, "रोपातून गेलं असतं तर वीसच्या वीस गेली असती. पण सात गेलीत हेही खरं. आपण दोघांनी मिळून तपासून घेऊ." पुढे तज्ज्ञांनी या भागातले नमुने तपासले तेव्हा कुकुंबर मोझॅक विषाणूचं नाव पुढे आलं. तो मावा किडीबरोबर झाडावरून झाडावर जातो. पण त्या दिवशी बांधावर आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हतं. पुढच्या हंगामात काका पुन्हा आले. आम्ही त्यांच्याकडून रोपाचे पैसे घेतले नाहीत. 2021 मध्ये दादा गेले, तेव्हा खांदा द्यायला ते होते.

आता कर्जाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच वाटतो मला. या धंद्यात रोपाला मागणी सारखी नसते, ती भावाच्या मागे धावते. जुलै 2023 मध्ये नारायणगावला 20 किलोच्या क्रेटला 2,000 रुपयांच्या वर भाव गेला. आमच्या दारात सकाळी सातपासून मोटारसायकली उभ्या. ज्यांनी कधी टोमॅटो लावला नाही तेही "एक एकराचं द्या, काय घ्यायचे ते घ्या" म्हणत होते. रोपाला 25 दिवस, लागणीनंतर पहिल्या तोड्याला दोन महिने. म्हणजे आज पेरलेलं ऑक्टोबरात बाजारात जाणार, आणि तेव्हा सगळ्यांचंच येणार. आम्ही हे प्रत्येकाला बोलून दाखवलं. काही जण थांबले, बरेचसे दुसरीकडून रोप घेऊन गेले. सप्टेंबरात भाव इतके पडले की लोक माल रस्त्याच्या कडेला ओतत होते. आमच्या मुलाचं म्हणणं होतं की आलेलं गिऱ्हाईक आपण का घालवलं. मी त्याला जाऊबाईच्या वहीतली नावं दाखवली. पंधरा वर्षं तीच घरं आपल्याकडे येतात, कारण आपण एका हंगामाकडे बघत नाही. पण ज्याच्या डोक्यावर मोठ्या कर्जाचा हप्ता असतो त्याला "थांबा" म्हणणं जमत नाही. त्याला विकावंच लागतं.

म्हणून माझं सरळ मत, नोकरी आत्ताच सोडू नका. 20 गुंठ्यांतल्या एका कोपऱ्यात जाळीचा मांडव घाला आणि 100 ट्रे करा. स्वतःच्या, भावकीच्या आणि एखाद्या शेजाऱ्याच्या रानापुरते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तेवढ्यावर काढा, कारण दोन्हींची दुखणी वेगळी आहेत. पावसाळ्यात मर, उन्हाळ्यात पाणी आणि पांढरी माशी. रोप विकायला पंधरा-वीस किलोमीटरच्या आत कोणती पिकं होतात ते गावोगाव फिरून वहीत लिहा; त्यापलीकडे रोप पोचवायचं तर गाडीभाडं शेतकऱ्याला परवडत नाही. बुकिंगच्या वेळी तिसरा हिस्सा रोख घ्या, उरलेले रोप नेताना. आम्ही पहिली चार वर्षं "माल निघाल्यावर देतो" यावर विश्वास ठेवून उधारी केली. त्यातली काही अजून वहीतच आहे, आणि त्या माणसांचे हाल माहीत असल्याने मागताही येत नाही.

आणि पाण्याची झारी वडिलांच्या हातात द्या. आमचे दादा सुरुवातीला मांडवाकडे फिरकायचे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी पाणी घालत होते, ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अशी वरून धार सोडू नको, रोप झोपतं. झारीचं तोंड वर कर, पाणी पावसासारखं पडू दे." त्यांनी माझ्या हातातून झारी घेतली आणि साठही ट्रेंना पाणी घातलं. दुसऱ्या दिवसापासून मला कधी सकाळचं पाणी घालावं लागलं नाही.

ती खुंट्यांची फळी अजून आहे. आता पेरणीचं यंत्र आहे आमच्याकडे, पण 98 खुंट्यांपैकी 91 शिल्लक असलेल्या त्या फळीवर आत्या अजून हंगामाचा पहिला ट्रे स्वतः दाबतात. रिकाम्या राहिलेल्या सात कपांत बोटाने खड्डा पाडायचं काम माझ्या मुलीचं.

कोणतं पीक आधी घ्यावं असं विचाराल तर कोबी किंवा फ्लॉवर घ्या. तीन-साडेतीन आठवड्यांत रोप तयार होतं आणि हात बसतो. मिरचीला दीड महिना सांभाळावं लागतं, ती दुसऱ्या वर्षी करा.